दोन पानं, एक सुपारी आणि केमिस्ट्री

इंजिनिअरिंगच्या कुणालाही केमिस्ट्रीबद्दल विचारा, उत्तर एकच मिळतं, "सुटलो बाबा एकदाचे!" फर्स्ट इयरला पाण्याचा हार्डनेस काढायचा, वाईन रेड रंग निळा झाला की हुश्श म्हणायचं, जर्नल सर्टिफाय करून घ्यायचं आणि हा विषय आता जन्मात पुन्हा भेटणार नाही या आनंदात मेसमध्ये एक पोळी जास्त खायची. मेकॅनिकलवाल्यांना तो फ्युएलच्या निमित्ताने अधूनमधून भेटतो म्हणे. आम्हा ई अँड टीसीवाल्यांचा आणि त्याचा संबंध संपलेला. निदान सिलॅबसमध्ये तरी!

पण आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये गेले तीन महिने रोज रात्री केमिस्ट्रीचा क्लास भरतोय. त्याचीच ही हकिगत. सुरुवातीलाच एक सांगून टाकते. मी के.जी.पासून कॉन्व्हेंटची. घरी मराठी, वर्गात इंग्लिश, ग्राउंडवर हिंदी अशी आमची त्रिसूत्री. त्यामुळे माझं मराठी मध्येच पुस्तकी आणि मध्येच गल्लीतलं वाटेल. सांभाळून घ्या.

तर, आमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींची मुलगी यंदा अकरावीला आहे. "माझं नाव छापायचं नाही हं ताई," अशी तिची सक्त ताकीद असल्यामुळे इथे तिला धाकटी म्हणते. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती, विज्ञानात चांगले मार्क पडले म्हणून अकरावी सायन्सला आली. कॉलेज सुटलं की ती मेसमध्ये येते, आईचं आवरेपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलावर वही उघडून बसते आणि साडेनऊला दोघी घरी जातात.

ऑगस्टमध्ये एकदा ताटात पोळी टाकता टाकता मावशी म्हणाल्या, "पोरी, एक काम होतं. हिला काय सायन्स झेपंना झालंय. आर्ट्सला टाकावी म्हणते. कॉलेजात अर्ज द्यावा लागतो म्हणं. तुझं इंग्रजी चांगलं हाये, तेवढा लिहून दे की."

अर्ज लिहायला पाच मिनिटं लागली असती. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरुवात आणि 'युअर्स ओबिडियंटली'ने शेवट! शाळेत याचे धडेच्या धडे गिरवलेत. पण धाकटी मान खाली घालून बसली होती, ते काही बघवेना. मी म्हटलं, "अर्ज देते लिहून, आधी वही तर बघू."

वही नीटनेटकी होती. फळ्यावरचं इंग्लिश जसंच्या तसं उतरवलेलं आणि प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार, 'रिअ‍ॅक्टंट', 'स्टॉइकिओमेट्री', 'कॉन्सन्ट्रेशन'. समासात जागोजागी प्रश्नचिन्हं. मी विचारलं, "रिअ‍ॅक्टंट म्हणजे काय?" गप्प. "बरं, प्रॉडक्ट?" तिने जरा विचार करून सांगितलं, "गुणाकार?" आता गणितात प्रॉडक्ट म्हणजे गुणाकारच की! तिचं तरी काय चुकलं?

मग मी प्रश्न बदलला. "मॅग्नेशियमची पट्टी जाळली तर काय होतं?"

धाकटी ताठ बसली. "मॅग्नेशियमची फीत प्रखर पांढऱ्या ज्योतीने जळते आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी मिळते. मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन ही अभिक्रियाकारकं, मॅग्नेशियम ऑक्साइड हे उत्पादित. डावीकडे २ मॅग्नेशियम आणि १ ऑक्सिजन, उजवीकडे २ मॅग्नेशियम ऑक्साइड. झालं समीकरण संतुलित." सगळं एका दमात!

आता गप्प बसायची पाळी माझी होती. 'अभिक्रियाकारक' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. पण अर्थ उघड होता. रिअ‍ॅक्टंट म्हणजे अभिक्रियाकारक. जो विषय झेपत नाही म्हणून ही पोरगी सोडायला निघाली होती, तो तिला येत होता! दहावीच्या पुस्तकात 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा अख्खा धडा तिने केलेला होता. जूनमध्ये कॉलेज बदललं आणि एका रात्रीत सगळ्या वस्तूंची नावं बदलली, एवढंच झालं होतं.

त्या रात्री आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे तिचे शब्द, उजवीकडे माझे. द्राव्य म्हणजे सोल्यूट, द्रावण म्हणजे सोल्यूशन, संहती म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट. तिला स्पेलिंग मिळत होती आणि मला अर्थ! 'लॉ ऑफ कॉन्झर्वेशन ऑफ मास' तर मी आठवीपासून घडाघडा म्हणतेय. ती म्हणाली, "आमच्याकडे त्याला द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात."

"अक्षय्य म्हणजे?"

"अहो ताई, अक्षय्य तृतीयेतलं अक्षय्य! ज्याचा क्षय होत नाही ते."

आमच्या घरी अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस आणि पेपरात सोन्याच्या पानभर जाहिराती. त्या शब्दात एवढं विज्ञान दडलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. खरं तर मराठीत रसायनशास्त्र ही काही कालची गोष्ट नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक एकोणिसाव्या शतकातच मराठीत शास्त्रीय पुस्तकं लिहीत होते.

हा अक्षय्यतेचा नियम पक्का करणारा माणूस म्हणजे पॅरिसचा लव्हॉयझिए. त्याचं पोटापाण्याचं काम करवसुलीचं होतं, म्हणजे हिशोब रक्तात! हाच हिशोब त्याने प्रयोगशाळेत लावला. आधी किती वजन होतं, नंतर किती भरलं, गळतं कुठे? १७८९ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने ठासून सांगितलं की प्रयोगाआधी जेवढं द्रव्य, तेवढंच प्रयोगानंतर. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत ८ मे १७९४ रोजी त्याला गिलोटिनवर चढवलं, तेही करवसुलीच्या त्या नोकरीपायी. माणूस गेला, जमाखर्च राहिला. समीकरण संतुलित करणं म्हणजे तोच जमाखर्च. डावीकडची जमा उजवीकडे खर्ची पडलीच पाहिजे, एक अणूसुद्धा इकडचा तिकडे होता कामा नये.

नियम कळला, पण आकडे कुठे लिहायचे? इथे देवच धावून आला. श्रावण होता आणि मावशींकडे सत्यनारायण होता. विड्याची पानं आणि सुपाऱ्यांची पिशवी टेबलावरच पडलेली. एका विड्याला दोन पानं आणि एक सुपारी. धाकटीने वहीत लिहिलं: २ पानं + १ सुपारी → १ विडा. मी पिशवीत मोजलं, पानं २४ आणि सुपाऱ्या १५. "किती विडे होतील?" ती लगेच म्हणाली, "१२. आणि ३ सुपाऱ्या उरतील." मी म्हटलं, "बाई गं, याला आमच्यात लिमिटिंग रिएजंट म्हणतात आणि त्याला परीक्षेत चांगले तीन-चार मार्क असतात!" मग त्याचं आमच्यापुरतं बारसं झालं, 'आधी संपणारा'. इथे पानं आधी संपली, म्हणून विडे किती ते पानांनी ठरवलं. सुपाऱ्या कितीही आणा, काही उपयोग नाही.

दुसरा घोळ सगळ्यांचाच असतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी करताना ऑक्सिजनचा एक अणू उरतो, मग हात शिवशिवतात आणि एच-टू-ओच्या शेपटीला आणखी एक 'टू' लावावासा वाटतो. मी विचारलं, "पानं कमी पडली म्हणून एका पानाचा विडा मांडला तर भटजी चालवून घेतील का?" मावशी पोळपाटावरूनच म्हणाल्या, "छे गं, तो विडाच न्हाई." तसंच ते! एच-टू-ओ-टू हे पाणी नाहीच, ते हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायच्या बाटलीतलं. विडे किती हवेत ते बदलायची मुभा आहे, विडा कशाचा ते बदलायची नाही. म्हणून आकडा पुढे लिहायचा, पोटात घुसवायचा नाही. २ हायड्रोजन + १ ऑक्सिजन → २ पाणी.

मोठ्या समीकरणांना मात्र अंदाजपंचे चालत नाही. पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं ते प्रसिद्ध समीकरण आठवतंय? दोन पदार्थ डावीकडे, चार उजवीकडे. आम्ही सहा आकड्यांना सहा अक्षरं दिली, पाच मूलद्रव्यांची पाच साधी समीकरणं मांडली आणि सोडवली. उत्तर: २ परमँगनेट + १६ अ‍ॅसिड → २ पोटॅशियम क्लोराइड + २ मँगनीज क्लोराइड + ८ पाणी + ५ क्लोरीन. मित्रहो, एम-वनला ज्या मॅट्रिक्सची रँक काढताना आपण "याचा उपयोग काय?" म्हणून कपाळावर हात मारला, तिचा उपयोग हा! अज्ञात सहा, समीकरणं पाच, म्हणून मिळतं ते प्रमाण. सगळ्यांना दुपटीने गुणा, तरी हिशोब बरोबरच येतो.

पुढचा डोंगर होता मोल. अकरावीची निम्मी पोरं इथेच घरंगळतात. मावशी अंडी डझनावर आणतात, मग तिथूनच सुरुवात केली. डझनभर केळी आणि डझनभर फणस यांचं वजन सारखं नसतं, नग मात्र सारखे. मोल म्हणजे असाच एक राक्षसी डझन. २० मे २०१९ पासून तर त्याचा आकडा जगभर पक्का ठरवून टाकलाय, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. अणू मोजता येत नाहीत, तोलता येतात. वाणी कसा खिळे किलोवर देतो, नग मोजत बसत नाही, तसंच. मग मी गणित घातलं, "४ ग्रॅम हायड्रोजन आणि ४० ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती?" तिने पुटपुटत केलं. हायड्रोजनचे २ मोल, त्यांना ऑक्सिजन लागतो १ मोल, म्हणजे ३२ ग्रॅम. पाणी ३६ ग्रॅम. आणि आपणहून पुढे, "८ ग्रॅम ऑक्सिजन उरला, सुपारीसारखा!"

सप्टेंबरात एक दिवस मेसमधली मोठी शेगडी पिवळी जळायला लागली. पातेली बुडाशी काळीकुट्ट. मावशी म्हणाल्या, गॅसच खराब आलाय. शेगडीवाले काका आले, बर्नर काढला, भोकं आणि हवेची जागा साफ केली, ज्योत पुन्हा निळी. गॅस तोच! धाकटीने विचारलं, "मग काळं कशानं झालं?" आम्ही वही घेतली. एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन असतं. हिशोब सोपा पडावा म्हणून सगळं ब्युटेनच धरलं. त्याच्या एका रेणूत ४ कार्बन आणि १० हायड्रोजन.

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी.

"आणि हवा कमी पडली तर?" तिनेच विचारलं आणि तिनेच सोडवलं.

२ ब्युटेन + ९ ऑक्सिजन → ८ कार्बन मोनॉक्साइड + १० पाणी.

२ ब्युटेन + ५ ऑक्सिजन → ८ कार्बन + १० पाणी.

हा शेवटचा नुसता कार्बन म्हणजेच पातेल्याची काजळी. तेरा, नऊ, पाच! खऱ्या ज्योतीत हे तिन्ही प्रकार थोडेथोडे मिसळून चालतात, पण फरक कळायला एवढं पुरे. मधलं समीकरण सगळ्यात वाईट. काजळी निदान डोळ्यांना दिसते, कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून आंघोळ करताना माणसं दगावतात ती याच्यामुळे. बाहेर रूम घेऊन राहणाऱ्यांनी एवढं वाचून खिडकी उघडी ठेवली तरी माझा लेख सत्कारणी लागला. समीकरणातला आकडा चुकला तर मार्क जातो, बाथरूममधला चुकला तर जीव.

त्याच पानावर धाकटीने सिलिंडरचाही हिशोब केला. मेसचा सिलिंडर १९ किलोचा. तो पुरता जळायला ऑक्सिजन लागतो सुमारे ६८ किलो आणि तयार होतो सुमारे ५७.७ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २९.५ किलो पाणी. बेरीज करून बघा, दोन्हीकडे ८७ किलोच्या वर थोडं. मावशींना सांगितलं तर त्या रिकाम्या सिलिंडरकडे बघतच राहिल्या. "म्हंजे संपला न्हाई, नुसता उडाला!" अक्षय्यतेचा नियम यापेक्षा सोपा कुणी सांगून दाखवावा!

राहिली द्रावणं. पावसाळ्यात पोट बिघडणं हा प्रत्येक हॉस्टेलचा वार्षिक महोत्सव. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीसाठी ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट आणलं होतं, त्याच्यावरच धाकटीचा तास घेतला. पाकिटावर छापलेलं असतं, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. ग्रॅममध्ये काहीच ताळमेळ दिसत नाही. आता मोल काढा. ग्लुकोज १३.५ भागिले १८०, म्हणजे ७५ मिलिमोल. सोडियम मिठातून सुमारे ४४ आणि सायट्रेटच्या प्रत्येक रेणूतून तीन-तीन म्हणजे सुमारे ३०, गोळाबेरीज ७५ च्या आसपास. ग्लुकोज ७५, सोडियम ७५! आतड्यात ही दोघं जोडीने आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. शरीर वजन बघत नाही, नग बघतं. मोल कशाला शिकायचा, याचं याहून चांगलं उत्तर मला तरी ठाऊक नाही.

हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुचवलं, पण कल्पना जुनी. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून माणसं वाचवली. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आणि हो, आपल्याकडे तेच पाकीट एका ग्लासात ढवळून पितात. २०० मिलिलिटरमध्ये संहती पाचपट होते, म्हणजे ७५ चे ३७५. अशाने पाणी आत जाण्याऐवजी उलटं बाहेर ओढलं जातं. हे गणित धाकटीने तोंडी केलं आणि त्या मैत्रिणीला दरडावून सांगितलं, "ताई, पूर्ण एक लिटर!"

स्ट्रीम बदलायची शेवटची तारीख सप्टेंबरातच येऊन गेली. अर्जासाठी आणलेला फुलस्केप कागद कोराच होता, त्यावर आता मावशींचा दुधाचा हिशोब आहे. धाकटीला युनिट टेस्टला २५ पैकी १६ पडले. 'स्टॉइकिओमेट्री'चं स्पेलिंग अजून येत नाही (खरं सांगू, मलाही बघूनच लिहावं लागतं). वर्गात उत्तर द्यायला उभी राहते तेव्हा तिची इंग्लिश वाक्यं मध्येच तुटतात. पण ती उभी राहते. सायन्समध्ये राहायचं हेही तिचं तिनेच ठरवलं, मी फक्त दोन रकाने आखले.

तिच्याकडे बघताना आपल्याच कॉलेजातले चेहरे आठवतात. प्रत्येक बॅचमध्ये फर्स्ट इयरला काही जण मराठी माध्यमातून आलेले असतात. ते व्हायव्हात गप्प उभे राहतात आणि आपण समजतो, याला काही येत नाही. त्यांच्याकडे डावी बाजू पूर्ण भरलेली असते, मधला बाण तेवढा काढायचा राहिलेला असतो. अणू तेच असतात, जोड्या तेवढ्या बदलायच्या असतात. सरांना, मॅडमना आणि आम्हा सीनियर मंडळींना एवढीच विनंती, की गप्प उभ्या असलेल्या माणसाला तोच प्रश्न एकदा मराठीतही विचारून बघा.

ता. क. केमिस्ट्रीचा पहिला धडा संपला, पण फिजिक्सच्या व्हेक्टरपाशी गाडी अडली आहे. 'सदिश' आणि 'अदिश' हे शब्द माझ्या रकान्यात नुकतेच आलेत. कुणी हौशी मुलगी मोकळी असेल तर रात्री साडेआठला मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर यावे. चहा मावशींकडून.